आठवणीच्या मशीनमधली माणसं

दुपारी डबे उघडले की आमच्या कन्सोल रूममध्ये, म्हणजे मशीन चालवतो त्या खोलीत, एखादा किस्सा निघतोच! मी परळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं काही आठवायला लागली की मेंदूतली रसायनं कशी वर-खाली होतात, यावर आमच्या अनघा मॅडम अभ्यास करतायत. पेशंटनं मशीनमध्ये पडून राहायचं. समोर चित्रं येतात, आधी पाहिलेलं दिसलं की बटण दाबायचं. सोपं वाटतं ना? विसरणाऱ्याला विचारा!

लालबागचे तात्या मिलमधले. मशीनचा धडधडाट ऐकून भलेभले घाबरतात. तात्यांनी पाच मिनिटं बटण दाबलं, मग एकदम गप्प. मी धावत आत गेले, तर तात्या घोरतायत!

"अगो चेडवा, जल्म लूमखात्यात गेलो. ह्या आवाजात माका झोप येता!"

गिरगावच्या फिलोमिना आंटी जुन्या स्टेनो. आत अजिबात हलायचं नाही, हा नियम. यांची सारखी हालचाल दिसत होती.

"आंटी, काय हलवताय?"

"ओठ. प्रार्थना करते."

"जरा थांबवाल?"

"मी थांबते गं. पण वर तो ऐकत बसलाय, त्याला तू सांग!"

दादरच्या लेले बाई मुख्याध्यापिका होत्या. मॅडमनी त्यांना पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले. बाईंना दोनच आठवले. चेहरा पडला. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. कागद न बघता!"

मॅडम चौथ्यावर अडकल्या.

बाई हळूच म्हणाल्या, "घाबरू नका. वेळ आहे आपल्याकडे. आठवा."

हल्ली मॅडम प्रत्येक पेशंटला हेच म्हणतात. अगदी याच शब्दांत.

आणि प्रभादेवीचे सावंतकाका. चार वेळा यायचं होतं, आणि दरवेळी संमतीच्या फॉर्मवर सही. काकांना आधीचं काहीच आठवायचं नाही, त्यामुळे मॅडम दरवेळी पहिल्यापासून समजावायच्या. काकांचा प्रश्नही दरवेळी तोच.

"यात माझा फायदा काय?"

"काही नाही, काका."

"मग कोणाचा?"

"पुढे ज्यांना हा आजार होईल, त्यांचा. फायदा झालाच तर."

दरवेळी काका विचार करायचे आणि सही करायचे.

चौथ्या वेळी काकींना राहवलं नाही. "अहो, तीनदा झालीय सही करून! मॅडम, दाखवा बघू यांना."

मॅडमनी तिन्ही फॉर्म समोर ठेवले. काकांनी एकेका सहीवर बोट ठेवून पाहिलं.

"तिन्ही वेळा मीच?"

"तुम्हीच."

"मग माणूस बरा दिसतोय," काका म्हणाले, आणि पेन मागितलं.