हळदीचे हात

सकाळी ऑफिसात पोहोचले तेव्हा सुशीलाबाई माझ्या टेबलाखालची फरशी पुसत होत्या. फडकं पिळताना त्यांचे हात दिसले, मनगटापर्यंत पिवळेधमक. आदल्या दिवशी लेकीला हळद लागली होती आणि आज दुपारी तिचं लग्न होतं.

"मग आज कशाला आलात?" मी विचारलं.

"चार दिवस मागितले होते, ताई. सुपरवायझर म्हणाला, जायचं तर जा, पण मग परत येऊ नको."

माझ्या ड्रॉवरमध्ये पंधरा दिवसांची भरपगारी रजा मंजूर होऊन पडली होती. कारण म्हणून मी नुसतं 'वैयक्तिक' लिहिलं होतं आणि कोणी काही विचारलं नव्हतं. बारा वर्षं आम्ही दोघी एकाच छताखाली राबतोय. मला हक्क आणि त्यांना धमकी, हे ठरवलं कोणी? त्या कागदाचीसुद्धा मला शिसारी आली.

मी तडक मॅनेजरकडे गेले. ते मान वर न करता म्हणाले, "त्या आपल्या नाहीत. कंत्राटदाराच्या आहेत."

बाहेर येऊन मी बाईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही लग्नाला जा. मी बघते." त्या गेल्या.

मी काहीच बघू शकले नाही. सोमवारी दुसरीच बाई फरशी पुसत होती. मी तिला नाव विचारलं. तिने आधी सुपरवायझरकडे पाहिलं आणि मग सांगितलं.