आजीच्या नावावर खपवलेलं गाणं

नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. मुलांना नाही, सुनांना तर नाहीच. तुम्हांला सांगतेय, कारण तुम्ही समोर नाही — मध्येच तोंड घालणार नाही.

आधी एक बोलून टाकते. गाण्यावरून गाणं करायला माझी काही हरकत नाही. हल्लीच्या पोरी जुन्या गाण्याला ढोल लावतात, मध्येच हिंदी घुसवतात आणि माझ्या वयाच्या बायका नाकं मुरडतात. का? आम्ही काय वेगळं केलं होतं? लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो तेव्हा ट्रांझिस्टरवर एक हिंदी सिनेमाचं गाणं दिवसभर लागायचं. पहिल्यांदा ऐकलं आणि परातीतली कणीक तशीच राहिली. चाल माझ्या आजीची! साताऱ्याकडे जात्यावर बसून ती ह्याच चालीवर ओव्या म्हणायची. कुणीतरी ती उचलली, तबला लावला, नायिकेला बागेत पळवलं. मला राग आला? बिल्कुल नाही. मी ती परत उचलली आणि भोंडल्याचं गाणं केलं. ह्यात चोरी कसली? चाल काय कुणाच्या बापाची असते?

पण सांगायचंय ते हे नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर कुमुद राहायची. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात, पण एक पायरी वर. ती मॅट्रिक, मी चौथी. ‘वहिनी, आनि नाही म्हणायचं, आणि,’ असं चारचौघींत सांगायची. तिच्या तोंडी सदा माहेरचा तोरा — एवढी जमीन, तेवढी गुरं, दारात गाडी. एका दुपारी धोतर नेसलेला एक माणूस खांद्यावर शेंगांचं पोतं घेऊन आला. समोरच्या काकूंनी विचारलं, ‘कोण गं हे?’

‘माहेरचा गडी,’ कुमुद म्हणाली. त्याला चहासुद्धा जिन्यातच दिला.

जाताना तो माझ्या दाराशी पाणी मागायला थांबला. मी विचारलं, ‘बरीच वर्षं आहात का त्यांच्याकडे?’

‘थोरला भाऊ हाय मी तिचा,’ तो म्हणाला. ‘पर कुणाला बोलू नका, ताई. हितं तिची इज्जत हाये.’

मी कुणाला बोलले नाही. गायले.

नवरात्रात लॉनवर पाट मांडला, पाटावर हत्ती काढला, बायकांनी फेर धरला आणि मी नवं गाणं काढलं —

दारी उभा पाहुणा, गं बाई, खांद्यावर शेंगांचं पोतं,
भाऊ म्हणू की गडी म्हणू, मन माझं खालीवर होतं.

पोतं म्हटल्याबरोबर सगळ्यांना कळलं. दुसऱ्या फेऱ्याला तर काकू हसून वाकल्या. कुमुद फेरातच होती. तिनं हात सोडला नाही, पण तोंड मिटलं. कुणीतरी म्हणालं, ‘अगं, ही तर रेडिओवरची चाल!’ मी म्हटलं, ‘रेडिओनं आमची घेतली. गाणं माझ्या आजीचं आहे.’ चाल आजीची, हे खरं होतं. त्या खऱ्याच्या पाठीवर मी खोटं बसवलं आणि ते आरामात गेलं.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. ‘वहिनी, खरं सांगा, हे माझ्यावर केलंत?’

‘आजीची शपथ,’ मी म्हटलं, ‘जुनं गाणं आहे.’

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी असं केलं होतं.’ आणि रडली. मला वाटलं होतं भांडेल. भांडण मला जमलं असतं.

त्या दिवाळीत ती भाऊबीजेला गावी गेली. मला एवढंच कळलं की तिनं ते गाणं भावाला म्हणून दाखवलं. त्यानंतरच्या नवरात्रात माझं गाणं संपलं आणि फेर थांबायच्या आत कुमुदनं पुढचं उचललं —

थांब रे दादा, वळून बघ, मीच तुला हाक मारते,
साऱ्याजणींच्या देखत तुझ्या पायांवर पाणी घालते.

कुणी हसलं नाही. काकूंनी पदरानं डोळे पुसले. ‘कुणाचं गं हे कडवं?’

‘मी केलंय,’ कुमुद म्हणाली. लाजली होती.

आता ऐका. इथंच यायचं होतं मला. माझ्या कडव्यात नुसती टोचणी होती; तिच्या कडव्यानं ते गाणं झालं. हे मला त्या क्षणी कळलं — चौथी शिकलेलीला एवढं कळतं. आणि मी म्हटलं, ‘छे गं, हेही आजीच म्हणायची.’

सगळ्या कुमुदकडे वळल्या. भावाला गडी म्हणणारी बाई आता गाणंही आपलं म्हणते — ह्याच विचारानं काकूंच्या ओठांवर हसू आलं. कुमुद माझ्याकडे बघत राहिली. एकाच नजरेत तिला सगळं कळलं — गाणं कधी जुनं नव्हतं, शपथ खोटी होती. पण सांगणार कुणाला? तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? ती सोय मीच करून ठेवली होती. तिनं माझा हात सोडला आणि घरी गेली. पुन्हा भोंडल्याला आली नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली.

तिनं माझी भाषा सुधारली म्हणून केलं का? पहिलं कडवं, हो. दुसऱ्याला ते कारणही नाही. मला ते हवं होतं, म्हणून घेतलं.

गाणं मात्र राहिलं. बायका बदल्यांबरोबर ते कुठे कुठे घेऊन गेल्या. गेल्या वर्षी कस्तुरबा गांधी मार्गावर कार्यक्रम झाला, तिथं नातीच्या ग्रुपनं ते ढोलावर म्हटलं. पोरींनी माझं कडवं गाळलं — ‘आजी, ते जरा मीन वाटतं यार, कुजकट’ — आणि कुमुदचंच घोळवून घोळवून म्हटलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. पारंपरिक गाणं जपणारं घर म्हणून मला शाल दिली. मी घेतली. गरम आहे, थंडीत वापरते.

गाडीत नात म्हणाली, ‘आजी, तुझ्या आजीचं नाव काय होतं? नेक्स्ट टाइम अनाउन्समेंटमध्ये सांगू.’

मी खणखणीत आवाजात नाव सांगितलं. आजीचं.