पेडल कोणी दाबलं?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. चौलच्या उतारावर एका मासळीवाल्या मावशीला गाडीनं उडवलं. तिचा पाय मोडला. गाडीचा मालक दोन मच्छीमार बोटींचा धनी. "ड्रायव्हर बेदरकार चालवतो," असा जबाब त्यानं स्वतः आमच्या पोलीस ठाण्यात येऊन दिला. चालक त्याच्याच पगारावरचा, मोहल्ल्यातला तरुण. अटक झाली, लगेच जामीनही झाला. पण त्याची कतारची नोकरी ठरली होती आणि गुन्हा अंगावर असताना आमच्या ठाण्याचा चारित्र्याचा दाखला मिळणार नव्हता.

"अल्ला कसम साहेब, पेडल खाली गेला, ब्रेक लागलाच न्हाय," एवढंच तो सांगत राहिला. असं सगळेच सांगतात. तरी मी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. ब्रेक ऑइलच्या डबीत भलतंच तेल निघालं; त्यानं आतली रबरं फुगली होती.

मालकानं गॅरेजवाल्यावर ढकललं. तेवढ्यात निनावी फोन आला. "गाडी गॅरेजला गेलीच न्हाय. अंगणातच काम केलंय."

परत बोलावल्यावर मालक वरमला. "तेल मीच बदललं. एकट्यानं."

इथंच तो सापडला. तेल बदललं की ब्रेकमधली हवा काढावी लागते; त्यासाठी एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी नट सैल करायचा, ही घरगुती रीत. मी विचारलं, "मग पेडल कोणी दाबलं?" अंगणातलं काम, म्हणजे मदतीला घरचंच माणूस असणार.

महिला हवालदाराला घेऊन त्याच्या घरी गेलो, बायकोचा जबाब घेतला.

"मीच दाबत व्हते. ब्रेकचं तेल कमी पडलं, तर ह्यांनी बोटीवरच्या, जाळं ओढायच्या विंचचं ओतलं. म्हनले, दोन्ही हायड्रॉलिकच. मग पेडल नरम लागाय लागला. म्हनले, ड्रायव्हर घेईल सांभाळून."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! बोटीवर जुगाड करून भागवायची सवय, तिथवर मी समजू शकतो. पण आपलं पाप पगारी माणसाच्या माथी मारायचं? ठाण्यात परतल्यावर मी त्याच्यासमोर टेबलावर हात आपटला. "एका पोराचं आयुष्य नासवतोयस, लाज नाही वाटत?"

"जामीन मिळालाय की त्याला," तो म्हणाला. "साहेब, गाडी कधी सोडताय?"

अडाणीपणाला मी सेवेत खूपदा माफ केलं. या निगरगट्टपणाला कधीच नाही. मालकाला आरोपी केलं, चालकाचं नाव काढण्याचा अहवाल कोर्टात पाठवला; तो मंजूरही झाला. निर्दोष ठरल्याचं सांगितलं, तेव्हा पोरानं आधी विचारलं, "मावशी चालते का आता?"

तोवर कतारची नोकरी दुसऱ्याला गेली होती. मालकाला लावायला कलमं भरपूर सापडली. पोराची नोकरी परत देणारं एकही नव्हतं.