दोन्ही वस्तू एकत्र हव्या असतील तर

व्हाइटबोर्डच्या मार्करचं टोपण उघडलं, की त्या उग्र वासासरशी दिल्लीतली ती दुपार आठवते. पीएचडीच्या प्रवेशासाठी मला प्राध्यापकांसमोर एक सिद्धता मांडायची होती. अनेक वस्तूंचा लिलाव असा रचायचा, की खोटी बोली लावून कुणाचा फायदाच होऊ नये. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निघताना आईनं केलेले पोहे मी डब्यात भरून घेतले होते. फळा अर्धा भरला आणि त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी शांतपणे विचारलं, "अच्छा, और किसी को दोनों चीज़ें साथ ही चाहिए हों, तो?" मी प्रत्येक वस्तूची किंमत वेगवेगळी धरली होती; त्या एका प्रश्नानं माझी सगळी मांडणी कोसळताना मला दिसत होती. मी फळ्यावरच्या पहिल्या ओळीपाशी परत गेले आणि मार्करनं तिच्याखाली रेघ मारली. "तो... नहीं चलेगा, मॅडम," मी कसंबसं म्हणाले. वाटलं, संपलं सगळं. बाई उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "चलो, देखते हैं कहाँ तक चलता है." मग आम्ही दोघी बराच वेळ लिहीत, पुसत राहिलो. उत्तर सापडलं नाही, प्रवेश मात्र मिळाला. आता मी नोएडात शिकवते, आणि एखादी मुलगी फळ्यासमोर अडली, की माझ्याही नकळत खुर्ची सोडून उठते.