कैरीच्या टोकाची चूक

"चंपल काढी तोय पग तो काळा ज ने! बहार ऊभी रे."

कापड हातात घेऊन मी काचेच्या खोलीच्या दारात उभी होते. चपला काढल्या तरी माझे पाय काळेच, असं शेठ बाकीच्या सात बायकांसमोर गुजरातीत बोलला. मी मागे सरकले. त्याचीच आजवर लाज वाटते.

नव्वदच्या दशकात सुरतेत, कतारगामच्या त्या भरतकामाच्या कारखान्यात मी धागे कापायचे. आम्ही आठही जणी लिंबायतहून यायचो, सगळ्या खानदेशच्या. आत थंड हवेत कॉम्प्युटरचं मशीन होतं. मोटर कापडाची चौकट सरकवायची, सुई कैरीची नक्षी भरायची. आणि प्रत्येक कैरीचं टोक दोन धागे डावीकडे जायचं.

इंजिनिअर साहेब पडद्याकडे बघून म्हणायचे, मोटर बरोबर आहे. पण कापड तर माझ्या मांडीवर होतं, चूक मला दिसत होती!

साहेबांची युक्ती खरंच चांगली होती. एका फेरीत झालेली चूक मोजायची, कॉम्प्युटरमध्ये भरायची, म्हणजे पुढच्या फेरीत मोटर सुधारते. पण चूक मोजणार कोण? शेवटी कापड माझ्याकडेच आलं, दारातून. मी सुईच्या टोकाने धागे मोजून चिठ्ठी द्यायचे. साहेबांनी अख्खी चूक एकदम उलटी भरली. टोक उजवीकडे पळालं.

"अर्धीच भरा, साहेब," मी म्हटलं. " नव्या सुनेला एका दिवसात सगळंच सांगितलं की ती भाकरी करपवते."

साहेब हसले. पण भरली अर्धीच. सहाव्या फेरीला टोक जागेवर बसलं.

माल घेणारी मुंबईची पार्टी बघायला आली. साहेब म्हणाले, "मोटर को मैंने सिखाया."

मग पार्टीने फुलाची नक्षी मागितली. साहेबांनी कैरीचेच आकडे ठेवून मशीन चालवलं. फूल वाकडं आलं. शेठ सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, "तारी चिठ्ठी ज खोटी!"

शेजारची कुजबुजली, "गप ऱ्हाय व माय."

नाही राहिले. "चिठ्ठी कैरीची होती. फुलाला फुलाच्याच फेऱ्या लागतात. साहेबांना विचारा."

साहेब बुटांसकट काचेच्या खोलीत निघून गेले. शेठ म्हणाला, "तो नवी बनाव. पण बहारथी." म्हणजे नवी चिठ्ठीही दाराबाहेरूनच.

चुकलं की माझी चिठ्ठी, जमलं की साहेबांची मोटर?

"नाही बनवणार," मी म्हटलं. कात्री खाली ठेवली आणि निघाले.

त्यानंतर तीन कारखाने झाले. मी मशीनपाशी बसून मोजते आणि आकड्यांखाली माझं नाव लिहिते, आडनावासकट. जिथे ते लिहू देत नाहीत, तिथे मी एक धागाही मोजून देत नाही.