चिठ्ठीवरचे पन्नास ग्रेन

पडदा वर जातो तेव्हा समोर एक गॅरेज. मोंटानातला नोव्हेंबर, शनिवारची सकाळ. कोपऱ्यात लाकडाची शेगडी, आणि सगळा उजेड एका लांब टेबलावर. तिथे पितळी पुंगळ्यांचे ढीग, काडतुसं भरायचं हातयंत्र, आणि मागे ऑर्विल टँगेन. अशी जागा धरून बसणारा नट मला उभ्या आयुष्यात माझ्या नाटक कंपनीत मिळाला नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ऑर्विल खोऱ्यातल्या सगळ्यांची काडतुसं भरून द्यायचा. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी: कोणती गोळी, बंदुकीची दारू किती ग्रेन (एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज), कोणती तारीख. खोऱ्यात त्या चिठ्ठीवर कोणी शंका घेत नसे. तोंड मात्र विषारी. टोकदार गोळ्या घेऊन आलेल्या एका दंतवैद्याला तो म्हणाला होता, "डॉक्टर, खालचा दांडा ओढून भरायच्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक बसतात. हे टोक पुढच्याच्या बुडाच्या टोपीवर टेकणार, आणि धक्का बसला की ते नळीतच उडणार. तुमचेच दात तुम्हालाच बसवावे लागतील."

त्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, लोर्नाचं, गळपट्टीचं हाड घोड्यावरून पडून मोडलं. ती विधवा. शिकारी पाहुण्यांना डोंगरात नेणारा गस मॅडिगन तिला वाटाड्या म्हणून घेणार होता. या मोसमात तिने एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, नीट पाडून दाखवायचा, एवढीच अट.

"हलकी रायफल घे, थर्टी-थर्टी," ऑर्विल म्हणाला. "तुझ्या खांद्याला तीच झेपेल."

"माझ्याकडे नवऱ्याची मोठी बंदूक आहे, फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी, बाबा. तीच नेणार."

"नवरा रेड्याएवढा होता."

"तुम्ही भरून देता की गसला सांगू?"

त्याने भरून दिली. चिठ्ठीवर लिहिलं: पन्नास ग्रेन.

लोर्नाने नेम नवऱ्याच्या जुन्या, पूर्ण दारूच्या काडतुसांवर जुळवून ठेवला होता. दोनशे पावलांवर एल्क उभा होता. गोळी खाली गेली, पोटात. जनावर आडरानात शिरलं, आणि तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. आमच्याकडे जखमी जनावर हरवलं की आपला शिकारीचा परवाना आपणच फाडायचा. तिने तो गसच्या समोर फाडला. गसकडून कामाचं बोलावणं आलं नाही.

गॅरेजात मात्र ऑर्विलनेच सुरुवात केली. "घाबरली. डोळे मिटून चाप ओढला असणार. आईवर गेलीय." सगळे हसले, मीही हसलो. ते हसू मला अजून बोचतं.

त्या शनिवारी लोर्ना आत आली. गस डोनट खात होता. तिने चार काडतुसं टेबलावर ठेवली.

"घरी जाऊन शर्ट काढला, बाबा. खांद्यावर डागसुद्धा नाही. ही बंदूक मला लाथ मारल्याशिवाय राहत नाही."

"मग बरंच झालं की."

तिने एका काडतुसातली गोळी उपसली आणि दारू तराजूच्या पारड्यात ओतली. चौतीस ग्रेन. दुसरं काडतूस, चौतीस. तिसरं, चौथं, तेच. दारू कमी, म्हणून लाथ हलकी, आणि म्हणूनच गोळी खाली.

गसने डोनट खाली ठेवला. "ऑर्विल, चिठ्ठीवर पन्नास आहे."

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं: पोरीच्या हाडाची काळजी वाटली. सगळ्यांनी माफ केलं असतं. ऑर्विलने चष्मा पुसला.

"तराजू बिघडलाय."

"मग इतकी वर्षं आम्ही काय भरून नेत होतो?"

"ते तुम्ही जाणा. पोरगी घाबरली, एवढं मी जाणतो."

गसने टोपी घातली. दारातून लोर्नाला म्हणाला, "सोमवारी ये, पाचला. खोगीर तुझं आण." बाकीचे एकेक करून आपापले डबे काखोटीला मारून निघून गेले. पुन्हा कोणी रिकाम्या पुंगळ्या घेऊन त्या दारात आलं नाही. तोंडासमोर कोणी विचारलंही नाही. रस्त्यात दिसला की लोक ट्रकची काच वर करायचे.

मार्चमध्ये ऑर्विलची फुफ्फुसं निकामी झाली. सूप भरवायला एकटी लोर्नाच यायची. शेवटच्या दुपारी मात्र मीही गेलो, खिडकीजवळ बसलो होतो. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, आता तरी सांगा. तराजू ठीक होता ना?"

त्याने तिच्या त्या मोडलेल्या खांद्याकडे पाहिलं.

"होता," तो म्हणाला. "पण तू घाबरली होतीसच."