ताऊन आणि गावची शीव

डॉक्टरांनी जैनबच्या काखेत दोन बोटं दाबली आणि ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या खोपीतली बाई उठून बसली. सकाळी ती गाठ बोराएवढी होती. दुपारी लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरांनी हात धुतले, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ब्युबॉनिक प्लेग."

इंग्रजी नाव ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ते म्हणाले, "म्हणजे गाठीचा ताप. काखेतली नाहीतर जांघेतली लिम्फ ग्लँड, म्हणजे अंगातली विषाची चौकी म्हणा हवं तर, ती सुजते. गावात गेल्या होत्या का या?"

मी जैनबकडे पाहिलं. ती तापानं लाल झालेल्या तोंडानं म्हणाली, "आवं, लोनचं राहिलं हुतं. बरनी आनाय गेल्ते."

लोणच्याची बरणी! आयुष्यभर मी तिला म्हणत आलो की तुझा जीव भांड्यात अडकलेला असतो.

आम्ही मणेर. वडूजच्या बाजूच्या एका लहान गावात आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि आम्ही आठवड्याचे बाजार करायचो. बांगड्या मी आणायचो, भरायची जैनब. पंचक्रोशीतल्या बायकांची मनगटं तिच्या हातात असायची आणि त्यांची गाऱ्हाणी तिच्या कानांत. एकुलती एक मुलगी हसीना, तिला सांगलीला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. चाळिसावं न्हाण झालं आणि ती लेकराला घेऊन सांगलीला गेली. तेव्हा त्या लेकराची नजरसुद्धा नीट ठरत नव्हती. घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, पण ते सगळं मी इथं गावच्या मराठीतच लिहितो आहे.

बेचाळीसच्या धामधुमीनंतरचा तो हिवाळा. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि त्यात गावात उंदीर मरून पडायला लागले. दोन घरांत माणसं गेली तसं गाव उठलं आणि माळावर खोपी घालून राहिलं. तालुक्यानं माळाच्या टोकाला तट्ट्यांचा साथीचा दवाखाना उभा केला आणि साताऱ्याहून एक तरुण डॉक्टर पाठवला.

गाव उठलं तेव्हा आमच्या मुसलमानांच्या घरांत मात्र खल चालला होता. आमच्यात हे वचन लहान पोरालाही पाठ असतं. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय, एखाद्या मुलखात ताऊन आल्याचं ऐकलंत तर तिकडं जाऊ नका. आणि तुम्ही आहात तिथंच तो आला तर त्याच्यापासून पळून तिथनं बाहेर पडू नका. ताऊन म्हणजे हीच साथ. मग घर सोडून माळावर जायचं, हे पळणं झालं की नाही? एकजण म्हणाला, उंबरा ओलांडला की पळणंच. दुसरा म्हणाला, मग काय उंदरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं?

आमच्या मशिदीत नमाज पढवणारे मौलवीसाहेब म्हातारे होते, कानानं कमी, पण डोक्यानं साफ. ते म्हणाले, "माळ कुनाचा? आपल्याच गावचा. गावाची शीव हाय तितवर गाव. शिवेच्या आत कुटंबी ऱ्हावा, ते पळनं न्हाई. शीव वलांडून पाव्हण्यांकडं गेलात, तर तुमचं पळनंबी झालं आन त्यांच्या घरात मरन नेऊन ठेवनंबी झालं." मग त्यांनी दुसऱ्या खलिफांची गोष्ट सांगितली. ते शाम मुलखाकडं, म्हणजे सीरियाकडं, निघाले होते, वाटेत ताऊनाची खबर आली तसे परत फिरले. कुणीतरी विचारलं, अल्लाहनं लिहिलेल्यापासून पळता काय? ते म्हणाले, होय, अल्लाहनं लिहिलेल्याकडूनच अल्लाहनं लिहिलेल्याकडं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तेव्हाही मी मान डोलावली आणि मनात खोपीला किती कडबा लागेल ते बघत बसलो.

डॉक्टर तर सगळ्यांवर आग पाखडत होते. अंगात कणकण आली की लोक अंधारात गाडी जुंपून लेकीच्या नाहीतर बहिणीच्या गावाला पळायचे. त्यांनी दवाखान्याच्या दारात उभं राहून दवंडी पिटवली, "शिवेच्या आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही." मी म्हणालो, साहेब, हे आमच्यात तेराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मणेर, मग तुमच्या आळीची मला काळजी नको." मला त्या वेळी जरा ऐटच वाटली.

जैनबला गाठ आली त्या दिवशी ती ऐट कुठल्या कुठे गेली.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांच्यासाठी लिहितो. आधी हुडहुडी भरते, मग ताप, मग डोळे लाल. माणूस दारू प्यायल्यासारखं बोलतं. त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणत, म्हणजे तापातला भ्रम. गाठ दिसली की लपवू नका, चुना-हळद थापत बसू नका. सल्फाच्या गोळ्या म्हणून नवं औषध आलं होतं. ते लढाईवर जायचं, आमच्या वाट्याला उरलंसुरलं. जैनबला दवाखान्यात नेलं आणि तिला त्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टर स्वतः पाणी पाजून गिळवत. पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उशीर नाही झालेला, पण हार्ट, म्हणजे हृदय, दमत चाललंय. नाडी मला आवडत नाही."

भ्रमात जैनब गिऱ्हाइकांशी बोलायची. "हात सैल सोड गं, बाई, सैल सोड," म्हणत हवेत कुणाचं तरी मनगट दाबायची. शुद्धीवर आली की एकच बोलणं, "हसीनाला बोलवा. मला तिला बघू द्या. लेकरू बघू द्या."

मी "बोलावतो" म्हणायचो आणि तट्ट्याबाहेर जाऊन उभा राहायचो.

शेवटी मी मौलवीसाहेबांच्या खोपीत गेलो. सवलत मागायला गेलो होतो, सरळच सांगतो. प्रवासात नमाजाला सवलत असते, आजाऱ्याला रोजाची सवलत असते, मग मरणाऱ्या आईला लेक बघायची काहीतरी सवलत असेलच की! त्यांच्या कानाशी ओरडून मी हे विचारलं. त्यांनी दाढी मुठीत धरली. मग म्हणाले, "माझा ल्योक कोरेगावला हाय, गड्या. सवलत असती तर मीच पयली घेतली असती." आणि तो म्हातारा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. मी त्यांच्यावर रागावायला गेलो होतो, ते राहूनच गेलं.

मी हसीनाला निरोप धाडलाच नाही. पण बाजारातल्या बातमीला कोण अडवणार? सांगलीच्या बाजारात कुणीतरी तिला सांगितलं आणि ती निघाली. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार जिथवर आली तिथवर मोटारीनं, पुढं चालत. एक माणूस धावत माळावर आला. "मणेरचाचा, तुमची हसीना वड्यापाशी आलीया."

ओढा म्हणजे आमची शीव. मी धावलो. आयुष्यात मी लेकीला बघून असा घाबरलो नव्हतो.

ती ओढ्याच्या पलीकडच्या काठावर होती, खांद्यावर लेकरू, पाय धुळीनं पांढरे. हिवाळ्याचं पाणी, घोट्याएवढंच. तिनं पाण्यात पाय घातलासुद्धा.

"हसीना, तितंच थांब!"

"अब्बा, बाजूला व्हा. अम्मीला ताप आलाय आन मी हितं थांबू व्हय?"

"काखंत गाठ हाय तिच्या. तू पोराला घिऊन आलीयास."

"पोराला कुनाकडं तरी देते. एकलीच येते."

"मग तुला परत जाता यायचं न्हाई. आन ते अंगावर पितंय. त्याला कोन पाजील?"

ती रडायला लागली. "लोकांच्या आया जाताना लेकी पाय दाबत बसत्यात. मी काय पाप केलंय?"

मी रागावलो. माझं हे असंच आहे, रडू आलं की मी रागावतो. म्हणालो, "पैगंबरसाहेबांनी काय सांगितलंय ते म्या तुला शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलंय की," ती म्हणाली. "तवा अम्मी चांगली हुती."

लहानपणापासून जे वचन तोंडात होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या गळ्याखाली उतरलं, आणि उतरताना घसा सोलत गेलं. मी ओढ्याच्या अलीकडे मातीत बसलो. ती पलीकडे बसली. लेकराला भूक लागली तसं तिनं पदराखाली घेतलं. मधून पाणी वाहत होतं आणि आम्ही दोघं बापलेक रडत होतो.

मग तिनं विचारलं, "लांबनं तरी?"

हे मला सुचलं नव्हतं.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हलवायचं नाही, हार्टवर ताण येईल. मी तिथंच उभा राहिलो. त्यांनी जैनबची नाडी पाहिली, बराच वेळ मनगट सोडलं नाही, आणि मग ते स्वतः बाजेच्या एका खुराला जाऊन उभे राहिले. "दारापर्यंतच," म्हणाले. त्यांनी ते का केलं हे मला लगेच कळलं आणि मी समोरचा खूर धरला.

दवाखाना उंचावर होता. दारातून ओढा दिसायचा, काठावरचं माणूस दिसायचं, पण चेहरा ओळखता यायचा नाही. आम्ही बाज दारात ठेवली. मी जैनबला पाठीमागून धरून बसवलं. तिचं डोकं माझ्या छातीवर होतं, आणि तापानं माझा सदरा तापत होता. मी पागोटं काढून हलवलं. तिकडं हसीनानं दोन्ही हातांनी लेकरू डोक्याच्या वर उचललं आणि तसंच धरून उभी राहिली.

"दिसलं का?" मी विचारलं.

जैनबचे डोळे अर्धे मिटलेले होते. ऊनही समोरून येत होतं. मला वाटलं, परत भ्रमात गेली.

"दिसलं," ती म्हणाली. "हसतंय बघा कसं. दात आल्याती का वं त्याला?"

मी "व्हय, आलेत" म्हणालो. मला काय दिसत होतं? एक ठिपका आणि त्याच्यावर एक लहान ठिपका.

हसीनाचे हात भरून आले असतील, पण आम्ही बाज आत घेईपर्यंत तिनं लेकरू खाली घेतलं नाही. मग ती परत गेली. जाताना तिनं किती वेळा मागं पाहिलं ते मी बघितलं नाही, कारण मी आत होतो.

जैनब दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत गेली. शेवटी भ्रम नव्हता, त्रास नव्हता. श्वास लांब लांब होत गेला. डॉक्टरांनी कानातली नळी काढून खिशात ठेवली आणि टोपीही काढली. खरं तर आईला शेवटचं न्हाऊ घालणं हा लेकीचा हक्क. आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी, डॉक्टरांनी सांगितलं तसं औषधाच्या पाण्यानं हात धुऊन, तिला न्हाऊ घातलं. हातातल्या बांगड्या त्यांनी न फोडता उतरवल्या आणि माझ्याकडे दिल्या.

दफन झाल्यावर मौलवीसाहेब म्हणाले, जो ताऊनात सब्र, म्हणजे धीर, धरून आपल्या जागी राहतो आणि त्यातच जातो, त्याला शहिदाचा दर्जा आहे, हेही पैगंबरसाहेबांनीच सांगितलंय. माझ्या मनात आलं ते लिहितो. मला शहिदाचा दर्जा नको होता. मला जैनब हवी होती, लोणच्याच्या बरणीसकट. पण संध्याकाळी खोपीत एकटा बसलो तेव्हा तेच वाक्य मी परत परत म्हणत होतो, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

साथ ओसरली, डॉक्टरांनी मोकळीक दिली, मग मी सांगलीला गेलो. हसीनानं दार उघडलं, सलाम केला आणि आत निघून गेली. पाणी दिलं, जेवायला वाढलं, बोलली नाही. मी जेवलो नाही. लेकरू ओसरीवर रांगत होतं.

भांडी आवरता आवरता, पाठमोरीच, ती म्हणाली, "त्या दिशी अम्मीला दिसलं का काय?"

मी खोटं बोलणार नव्हतो आणि मला खरं माहीत नव्हतं. म्हणून जैनब जे बोलली तेवढंच सांगितलं. "दिसलं म्हनाली. हसतंय म्हनाली."

हसीनाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती वळली. तिचं तोंड बघवत नव्हतं.

"हसतच हुतं, अब्बा," ती म्हणाली. "म्या वर उचाललं तसं त्याला खेळ वाटला. मी रडत हुते आन ते खदाखदा हसत हुतं."

मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि लहानपणी बसायची तशी टेकली. आम्ही किती रडलो ते मी लिहीत नाही.

त्या डॉक्टरांना, न्हाऊ घालणाऱ्या त्या दोघींना आणि मौलवीसाहेबांना अल्लाह सुखी ठेवो. तुमच्या गावात साथ आली तर आतल्यांनी आत राहा, बाहेरच्यांनी बाहेर. ऐकायला हे सोपं आहे. पण त्या शिवेवर एक दिवस तुमचंच माणूस येऊन उभं राहतं, तेव्हा ते किती अवघड आहे हे आधीच सांगून ठेवतो. माझा नातू आज चालतो, बोलतो, मला छळतो. हसीना उद्या तशीच त्या ओढ्यावर आली, तर मी परत तसाच धावत जाईन, परत तिला आडवा येईन, आणि परत तिथंच मातीत बसून रडेन.